सरकती भिंत : नियतकालिकांचे जुने अंक आणि ग्रंथालयाचा हक्क

नियतकालिकाचे अंक बांधणी होऊन फडताळात गेले, की ते कायमचे ग्रंथालयाचे होत. पुढे वर्गणी थांबली किंवा नियतकालिकच बंद पडले, तरी त्या अंकांवरील हक्क अबाधित राही. ऑनलाइन नियतकालिकांच्या बाबतीत मात्र मालकीची जागा बहुतांशी मुदतीच्या परवान्याने घेतली आहे.

या स्थित्यंतरात जेस्टोरचा इतिहास उद्बोधक ठरतो. मूळ प्रश्न जागेचा होता. अमेरिकेतील डेनिसन विद्यापीठाच्या ग्रंथालयाला भेडसावणारी जागेची टंचाई पाहून मेलन फाउंडेशनचे अध्यक्ष विल्यम बोवेन यांनी जुने अंक संगणकीय रूपात जतन करण्याची कल्पना पुढे आणली. इतिहास व अर्थशास्त्र या विषयांतील दहा नियतकालिकांपासून आरंभ झालेल्या या प्रकल्पातून १९९५ मध्ये स्वतंत्र ना-नफा संस्था उभी राहिली. वर्गणीदार गमावण्याची प्रकाशकांची भीती लक्षात घेऊन अलीकडची, सामान्यतः तीन ते पाच, वर्षे संग्रहाबाहेर ठेवली गेली. ही सीमा दरवर्षी एका वर्षाने पुढे जाते. तिलाच 'सरकती भिंत' म्हणतात. प्रकाशकाने नवे अंक देणे थांबवले, की ती जागीच स्थिरावते.

परिणामी ग्रंथपालाला 'अंक आहे' एवढी नोंद पुरेनाशी झाली. अंक कोणत्या संग्रहात, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आणि किती विलंबाने मिळतो, हे सतत तपासावे लागते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'केबार्ट' शिफारशींनी या तपशिलांच्या याद्यांना एकसमान रूप दिले. तथापि नोंद अचूक असली म्हणजे अंक सुरक्षित असतो, असे नाही. म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या 'लॉक्स' योजनेने अनेक ग्रंथालयांत प्रती ठेवून त्या परस्परांशी ताडून पाहण्याची पद्धत स्वीकारली; २००५ पासून 'पोर्टिको'ने प्रकाशकाकडून अंक मिळेनासा झाल्यास खुला करावयाचा केंद्रीय संग्रह उभारला.

समीक्षेच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ व्यवस्थापनाचा राहत नाही. कोणताही वाङ्मयीन वाद मूळ लेखातील विधानाशी ताडूनच पुढे जातो. तो लेख एका विद्यापीठात खुला आणि दुसऱ्यात बंद असेल, तर खंडनाचा अधिकारही विषम वाटला जातो. वर्गणी संपल्यावरही, जिचे मूल्य दिले त्या वर्षांचे अंक वाचता यावेत, हे कलम करारात असावे असा ग्रंथपालांचा आग्रह असतो. त्या कलमाशी संशोधकांचाही तितकाच निकटचा संबंध आहे.