माळ घातलेला भिकारी

१६८७ मध्ये सिलोनमधल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, जाफना शहरात एक भिकारी दारोदार फिरत होता. अंगावरचे कपडे फाटके, पाय अनवाणी, हगवणीने शरीर पार खंगलेले आणि गळ्यात जपमाळ. भिकाऱ्याने जपमाळ घालावी यात वेगळे काही नाही, पण ही माळ कॅथलिक रोझरीची होती आणि जाफन्यावर तेव्हा डचांचे राज्य होते. त्यांनी १६५८ मध्ये पोर्तुगीजांकडून हे शहर घेतले, कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिले आणि धर्मगुरूला आसरा देणाऱ्याला देहदंडाची धमकी दिली. बाप्तिस्मा, लग्न यांच्या नोंदी डच चर्चमध्ये होत. नोंद नसली की वारसाहक्काची पंचाईत, म्हणून माणसे रविवारी डचांच्या प्रवचनाला जाऊन बसत. एकोणतीस वर्षे हे असे चालले होते. कोण मनाने जुन्या धर्मात उरला आहे आणि कोण खरोखर नव्यात गेला आहे, हे परक्या माणसाने विचारणेसुद्धा जिवावरचे होते. तेव्हा भिकाऱ्याने काहीच विचारले नाही. भीक मागताना माळ दिसेल अशी ठेवायची आणि समोरच्याची नजर तिच्यावर पडली की तिथे थांबते का, एवढेच पाहायचे. काही घरांत ती थांबली. मग कुणीतरी दबक्या आवाजात बोलले, आणि या भिकाऱ्याने आपण गोव्याहून आलेला धर्मगुरू आहोत हे उघड केले. जोसेफ वाझ हे त्याचे नाव.

ही हकीकत साधारणपणे वेषांतराची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि सगळे श्रेय वाझ यांच्या चातुर्याला व धैर्याला दिले जाते. त्यांचे धैर्य निर्विवाद आहे. पण मला या हकिकतीतला दुसरा पक्ष अधिक महत्त्वाचा वाटतो. माळ ओळखणारे कुणी नसते तर ती दाखवून काय उपयोग होता? एकोणतीस वर्षांत एक अख्खी पिढी धर्मगुरूचे तोंड न पाहता मोठी झाली होती. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, चर्चवर डचांचा ताबा. या पिढीला माळ ओळखता आली याचा अर्थ एकच निघतो, की कुणाच्या तरी आईने, आजीने ती घरात चालू ठेवली होती. धर्मांतरित माणूस श्रद्धेकडे परततो तेव्हा त्याला कुणी तरी समजावून परत आणले, असे आपण मानतो. जाफन्याचा दाखला सांगतो की समजावणारा येण्याआधीच परतीची तयारी घरात झालेली असते, आणि ती तयारी वादविवादाने होत नाही, रोजच्या आचाराने होते. याच काळातला मडूचा दाखलाही असाच आहे. १६७० च्या सुमारास मन्नारजवळच्या मांतै येथील काही कॅथलिक कुटुंबांनी डचांच्या भीतीने मरियेची मूर्ती उचलली आणि ती घेऊन ही कुटुंबे रानात गेली. हे करायला त्यांना कुणा धर्मगुरूने सांगितले नव्हते, कारण सांगायला कुणी नव्हताच. त्या मूर्तीभोवती उभे राहिलेले मडू हे आज श्रीलंकेतले सर्वांत मोठे कॅथलिक तीर्थस्थान आहे.

हे काम रोझरीलाच का जमले, याचे कारण तिच्या घडणीत आहे. दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांची माळ घेतली तर तिच्यात एकोणसाठ मणी असतात: त्रेपन्न मण्यांवर नमो मरिया, सहा मण्यांवर प्रभूची प्रार्थना. प्रत्येक दहा मण्यांबरोबर येशू-मरियेच्या चरित्रातला एकेक प्रसंग मनात आणायचा. देवदूताचा निरोप, गोठ्यातला जन्म, बागेतली वेदना, क्रूस, पुनरुत्थान. नमो मरियांची मूळ संख्या दीडशेची, कारण मठातले साधू दीडशे स्तोत्रे म्हणत आणि वाचता न येणारी सामान्य माणसे त्यांच्या जागी तितक्याच साध्या प्रार्थना मोजत. युरोपात पंधराव्या शतकात या प्रार्थनेचा घाट पक्का होत गेला, १५६९ मध्ये पोप पाचवे पायस यांनी त्याला अधिकृत रूप दिले आणि डॉमिनिकन साधूंनी ती जगभर नेली. म्हणजे ही प्रार्थना मुळातच अशा माणसासाठी घडली, ज्याच्याजवळ पुस्तक नाही. तिला वेदी लागत नाही, दिवा लागत नाही, धर्मगुरूही लागत नाही. माळ जप्त झाली तर हाताची दहा बोटे आहेतच. डच शिपायाने घराची झडती घेतली तरी त्याला सापडण्याजोगे फारसे काही नसे. चर्च पाडता येते, पुस्तक जाळता येते, पण संध्याकाळी अंधारात पुटपुटलेले पन्नास नमो मरिया पकडायचे कसे?

वाझ यांचे स्वतःचे आयुष्यही याच भक्तीत मुरलेले होते. जन्म २१ एप्रिल १६५१ चा, बाणावलीचा. घराणे सांकवाळचे, गोव्यातल्या धर्मांतरित ब्राह्मणांचे. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी सांकवाळ येथे एक बंधपत्र लिहून दिले: आपण मरियेचे कायमचे दास आहोत, असे. आजच्या वाचकाला हे अतिरेकी वाटेल. पण तो काळ दिलेल्या शब्दाचा होता. वाझ यांचेच समकालीन शंकराजी नारायण सचिव यांच्यापुढे १७०७ मध्ये ताराबाईंना दिलेला शब्द आणि शाहू महाराजांचा हक्क असा पेच उभा राहिला, तेव्हा शब्द मोडण्यापेक्षा त्यांनी भोरजवळच्या आंबवड्याला आयुष्य संपवले, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी तिथे आहे. दोघांच्या वाटा आणि शेवट पूर्ण वेगळे, पण शब्द ही गोष्ट त्या पिढीला किती खरी होती हे ध्यानात घेतल्याशिवाय वाझ यांचे बंधपत्र कळणार नाही. ज्याने स्वतःला असे बांधून घेतले, त्याला सिलोनमध्ये पाठवायला कुणा वरिष्ठाच्या हुकमाची गरज पडली नाही. तिथल्या कॅथलिकांना वाली नाही, हे कानी आल्यापासून त्यांना चैन नव्हते.

यावर पहिला आक्षेप गोव्याकडूनच येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. ज्या सत्तेने १५६० ते १८१२ या काळात, मधला थोडा खंड सोडला तर, गोव्यात इन्क्विझिशन चालवले, १६८४ मध्ये कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, त्याच सत्तेच्या जहाजातून ही माळ आली. मग तिला श्रद्धेचे प्रतीक म्हणायचे की दडपणाचे? आगमनाचा इतिहास खरा आहे. पण सिलोनमध्ये वाझ गेले तेव्हा त्यांच्यामागे पोर्तुगीज तोफा नव्हत्या. पोर्तुगीज तिथून हरून गेले होते, आणि सिलोनच्या अंतर्भागातल्या स्वतंत्र कँडी राज्याच्या राजाने १६९२ मध्ये पोर्तुगीजांचा हेर या संशयावरूनच वाझ यांना कैदेत टाकले. इतकेच नव्हे, गोव्यातल्या युरोपीय धर्मसंघांची दारे वाझ यांच्यासारख्या देशी धर्मगुरूंना बंद होती. म्हणून १६८५ मध्ये जुन्या गोव्यात देशी धर्मगुरूंनी आपला स्वतःचा ओरेटरी संघ उभा केला आणि सिलोनची सारी मोहीम त्या संघाने चालवली. ज्या माळेने मुकाट्याने का होईना डच या युरोपीय सत्तेला विरोध केला, जी दोन देशी समाजांमध्ये ओळखीची खूण झाली, तिला नुसते पोर्तुगीज दडपण म्हणणे म्हणजे जाफन्यातल्या त्या आज्यांना स्वतःचे मनच नव्हते असे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप जुना, प्रोटेस्टंट सुधारकांचा: एकच वाक्य पन्नास वेळा म्हणणे ही यांत्रिक बडबड आहे, श्रद्धा नव्हे. ज्या मराठी घरात संध्याकाळी हरिपाठ म्हटला जातो तिथे या आक्षेपाचे उत्तर फार खोलात जाऊन द्यावे लागू नये. मुखाने चाललेले नाम मनाला बांधून ठेवते, हा वारकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. शिवाय आवर्तनामुळे एक व्यावहारिक गोष्ट साधते. लहान मूल अर्थ कळण्याआधी शब्द उचलते आणि प्रसंगांचा क्रम आपसूक पाठ होतो. धर्मशिक्षण देणारा कुणी नसताना ख्रिस्ताचे चरित्र पुढच्या पिढीत पोचवण्याचे दुसरे कोणते साधन जाफन्याच्या शेतकऱ्यापाशी होते? यांत्रिकपणाचा धोका असतोच, पण जे रोज म्हटले जाते त्यात एखाद्या दिवशी जीव ओतता येतो. जे बंदच पडले त्यात जीव ओतायचा कसा?

वाझ यांची कथा त्यांच्याच संघाने लिहिली, तेव्हा ती कितपत खरी धरायची, अशीही शंका काढली जाते. सेबॅस्त्यांव द रेगो यांचे चरित्र १७४५ मध्ये छापले गेले आणि ते संताचे चरित्र आहे यात वाद नाही. त्यातले चमत्कार बाजूला ठेवा. पण विरोधकांचे वागणे पाहा: १६८९ च्या नाताळात डचांनी जाफन्यात प्रार्थनेला जमलेल्या लोकांवर छापा घातला आणि पुढेही, अठराव्या शतकातसुद्धा, धर्मगुरूंविरुद्धचे जाहीरनामे पुन्हा पुन्हा काढले. ज्यांचा बंदोबस्त झाला आहे अशा लोकांविरुद्ध कुणी वारंवार हुकूम काढत नाही.

माझ्या म्हणण्याची खरी कसोटी मात्र आपल्याकडे, वसई-साष्टीत लागते. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली चर्चे ओस पडली. इथे डचांसारखी बंदी नव्हती. १७६० मध्ये साष्टीत आलेल्या फ्रेंच प्रवासी आंकतिल द्यू पेराँला देशी धर्मगुरूंच्या हातून खुलेपणाने चाललेली उपासना दिसली. तरीही १८२०-२१ च्या पटकीच्या साथीत काही ख्रिस्ती कोळी हिंदू धर्मात परत गेल्याची नोंद ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. माळ तर त्यांच्याही घरात असणार. मग ती का पुरली नाही? कारण ती एकटी पुरेशी कधीच नव्हती. गावात मृत्यूने थैमान घातले असताना माणूस जवळ येऊन बसणारा कुणी शोधतो. कँडीत १६९७ मध्ये देवीची साथ आली तेव्हा वाझ यांनी टाकून दिलेल्या रोग्यांना उचलले, त्यांची झोपडीत सोय केली, मेलेल्यांना पुरले. राजाने त्यांना मोकळीक दिली ती या सेवेमुळे. घरातली माळ श्रद्धा तगवून धरते. श्रद्धा पुन्हा उभी राहायला मात्र दारात कुणी तरी यावे लागते. वसईच्या किनाऱ्यावर ज्या गावांत धर्मगुरू टिकून राहिले तिथला समाजही टिकला. मराठी बोलणाऱ्या, मराठीत प्रार्थना करणाऱ्या त्या समाजासाठी १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत वारले. त्यांच्यामागे जाकोम गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्याच धर्मगुरूंनी सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषांत ग्रंथ लिहून काम पुढे नेले. डचांची सत्ता १७९६ मध्ये गेली आणि १८०६ मध्ये इंग्रजांनी कॅथलिकांवरचे निर्बंध उठवले. डच चर्चच्या दप्तरात ज्यांची नावे दीड शतक प्रोटेस्टंट म्हणून लिहिली जात होती, त्यांतले बहुतेक काही वर्षांतच त्या दप्तरातून गळाले. कुणी बौद्ध विहारात गेले, कुणी शिवाच्या देवळात. ज्यांच्या घरी माळ होती ते कॅथलिक चर्चमध्ये गेले.