गुरूच्या समाधीपाशी

पापनाशम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील, तंजावर–कुंभकोणम लोहमार्गावरचे गाव. लगतच्या तिरुपालैत्तुरै येथील शिवालयात नायक राजांनी १६०० ते १६३४ या काळात बांधलेले धान्यकोठार आजही उभे आहे. त्याची क्षमता तीन हजार कलम सांगितली जाते. मराठी दप्तरांच्या अभ्यासासाठी या भागात आलेल्या विद्यार्थ्याने हा आकडा मनात ठेवून तंजावरची वाट धरावी. तेथील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या समाधीचा अर्थ उकलण्यास तो उपयोगी पडतो.

हा धर्मोपदेशक म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्त्झ. १७२६ साली प्रशियात जन्मलेला हा ल्यूथरपंथी पाद्री १७५० मध्ये तरंगंबाडीस उतरला आणि पुढे तिरुचिरापल्ली व तंजावर येथे आयुष्यभर राहिला. त्याच्या पंथाने त्याला संतपद दिलेले नाही. तशी प्रथाही त्या पंथात नाही. परंतु हैदरअलीच्या स्वारीत तंजावरचा किल्ला अन्नावाचून हवालदिल झाला, तेव्हा पूर्वीचे मोल बुडालेले रयतलोक सरकारी शब्दावर धान्य देईनात. श्वार्त्झच्या शब्दावर मात्र त्यांनी ते दिले. एक हजार बैल मिळवून ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात आणल्याचे त्याने स्वतःच नोंदविले आहे. पापनाशमचे कोठार सव्वीस वेळा भरूनही पुरे होणार नाही, एवढी ही रास. एका परक्या माणसाच्या शब्दाचे वजन यावरून कळते.

त्याच्या शिष्यांत एक भोसलेकुळातील मुलगा होता. तुळजाजी महाराजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी दत्तक घेतलेले सरफोजी ते हेच. कंपनी सरकारने पंडितांच्या अभिप्रायावर बोट ठेवून दत्तक नामंजूर केले व तुळजाजींचे बंधू अमरसिंह यांस गादी दिली. श्वार्त्झने मुलाच्या शिक्षणाची व सुरक्षिततेची काळजी वाहिली, मद्रासेस त्याला गेरिके या सहकाऱ्याच्या हाती सोपविले आणि दत्तकविधानाचा पुनर्विचार व्हावा म्हणून खटपट केली. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्त्झ निवर्तला. अखेरचे दर्शन घेता यावे म्हणून सरफोजींसाठी दफनविधी काही काळ थांबविण्यात आला. त्यांनी अश्रू ढाळीत देहावर जरीचे वस्त्र पांघरले व ते थडग्यापर्यंत चालत गेले. तेव्हा ते राजे नव्हते. गादी मिळाली ती त्याच वर्षी जूनमध्ये.

थडगे सेंट पीटर्स चर्चमध्ये आहे, तर सरफोजींनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून करवून घेतलेले संगमरवरी शिल्प शिवगंगा तलावानजीकच्या ख्राइस्ट चर्चमध्ये आहे. मृत्युशय्येवरील गुरूचा हात शिष्याने हाती घेतला आहे, असे ते दृश्य. हे चर्चही सरफोजींनीच १७७९ मध्ये बांधले, असे काही प्रवासी मार्गदर्शिका सांगतात. सरफोजींचा जन्म १७७७ चा. दोन वर्षांच्या बालकाने चर्च कसे बांधावे? शिष्यप्रेमाची कीर्ती एवढी वाढली, की तिने तुळजाजींच्या राजवटीतील वास्तूही आपल्या पदरी ओढून घेतली.

मात्र या स्मारकापाशी अभ्यासकाने केवळ भाविक होऊन चालणार नाही. ज्या प्रयत्नांनी सरफोजींना गादी मिळाली, त्याच प्रयत्नांनी कंपनीला उत्तराधिकाराचा निवाडा करण्याची संधीही मिळाली. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाच्या सत्तेत किल्ला व त्याचा परिसर तेवढा उरला. पदच्युत अमरसिंह तिरुविडैमरुदूर येथे राहिले आणि १८०२ मध्ये मरण पावले. ते गावही याच लोहमार्गावर आहे, पण पापनाशमहून उलट दिशेला, कुंभकोणमच्या पलीकडे. त्यांच्यासाठी कोणी लंडनहून संगमरवर मागविला नाही.

मग या शिष्याची भक्ती खोटी मानावी काय? तसे म्हणता येत नाही. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या कुळाचा इतिहास मराठीत कोरविला, काशीयात्रा केली, सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला आणि देवनागरी मुद्रणालय काढून इसापाच्या गोष्टी मराठीत छापविल्या. धर्म न बदलता गुरूचे ऋण मानता येते, हे त्यांनी कृतीने दाखविले. गुरूच्या थडग्यासाठी त्यांनी इंग्रजीत रचलेल्या ओळींत राजा बोलत नाही. पोरके झालेले मूल बोलते.

थडग्यावरचे शब्द शिष्याच्या मनाची साक्ष देतात, तहाची कलमे काळाची. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही वाचावीत, आणि परतताना पापनाशमला न उतरता एकदा तिरुविडैमरुदूरपर्यंत जावे.