गाण्याच्या शेवटी नाव का घ्यायचं?

(पोस्ट मोठी आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मित्रांनी आणि जत्रा कमिटीवाल्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.)

नोव्हेंबर १९०२. कोलकात्यातल्या एका हॉटेलच्या खोलीत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग यंत्र मांडून बसला होता. समोर गौहर जान. तबकडीत मावणार जेमतेम तीन मिनिटं. रात्र-रात्र रंगणारं गाणं तिने तेवढ्यात बसवलं आणि संपताना भोंग्यासमोर इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. आज ऐकताना ती ऐट वाटते. कारण मात्र कामाचं होतं. मूळ मुद्रण छपाईसाठी जर्मनीत हानोव्हरला जायचं. तिथल्या माणसाला हा आवाज कोणाचा, हे कळणार कसं? म्हणून नाव गाण्यातच.

आपल्याला यात नवीन काय आहे म्हणा! अभंगाच्या शेवटी नामदेव-तुकोबांची नाममुद्रा शेकडो वर्षं आहेच. कागद हरवतो, वही भिजते, गाणारा बदलतो. ओळीत गुंफलेलं नाव मात्र गाण्याबरोबर चालत राहतं.

पण एकट्या कलावंताच्या बाबतीत नावाबरोबर आणखी एक गोष्ट चालते, ती म्हणजे पैसा. नाव सुटलं की पैसाही सुटतो. गेल्या सव्वाशे वर्षांत यंत्रं बदलली, हा नियम बदलला नाही.

आपल्या मिरजेचे अब्दुल करीम खाँ घ्या. जन्म उत्तरेत कैरान्याचा, मुक्काम मिरजेत आणि गाणं म्हैसूर-मद्रासपर्यंत. आयुष्य रेल्वेत गेलं. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत तब्येत बिघडली आणि सिंगपेरुमाळकोविल स्टेशनवर त्यांनी देह ठेवला. पुढच्या कार्यक्रमाच्या वाटेवर! तेव्हा वय पासष्टच्या आसपास. त्यांच्या तबकड्या पुढे घराघरांत वाजल्या, आजही वाजतात. पण त्या काळचा बहुतेकांचा व्यवहार असा, की मैफलीची बिदागी त्या रात्रीपुरती आणि तबकडीचे पैसे एकदाच. म्हणजे गाडी थांबली की चूलही थांबली.

दुसरं नाव वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळा नाही, मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकले आणि हजारो गाणी लिहिली. बाबासाहेबांचा विचार वस्त्या-वस्त्यांत नेला तो फिरून, गाऊन. मिळेल त्या गाडीने जायचं, पडेल तिथे मुक्काम. त्यांच्याही गाण्यात शेवटी 'वामन' येतो. मग ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. तबकडीपेक्षा कितीतरी स्वस्त, कॉपी करायला सोपी. गाणी खेड्यात पोचली हे तिचं उपकाराचं काम. पण कॅसेटवरून कॅसेट भरताना वेष्टन गळून पडायचं, वेष्टनावरचं गीतकाराचं नावही गळायचं. राहायचं ते फक्त कडव्यातलं.

त्याच कॅसेटने अमेरिकेत वेगळी करामत केली. १९७९ मध्ये टीॲक कंपनीचं पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र आलं. साध्या कॅसेटवर चार वेगळे ट्रॅक भरता यायचे. आधी गिटार, मग त्यावर आवाज, मग माउथ ऑर्गन. एकटा माणूस चौघांचं काम करू लागला. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात असंच कच्चं मुद्रण केलं. बँडबरोबर ती गाणी पुन्हा वाजवून पाहिली, पण घरातली गोष्ट काही जमेना. शेवटी घरचीच कॅसेट 'नेब्रास्का' म्हणून बाजारात आली. घरातली खोलीही स्टुडिओ होऊ शकते, हे त्या दिवशी मोठ्या कंपन्यांनाही मान्य करावं लागलं.

आज ती खोली आपल्या तालुक्यात आहे. माझ्या ओळखीचा एक भारुड गाणारा एकटाच फिरतो. मोटरसायकलवर मागे स्पीकर बांधलेला, तबल्याचा ट्रॅक मोबाईलमध्ये. जत्रांचा हंगाम संपला की घरी रेकॉर्डिंग. भिंतीवर गोधड्या टांगायच्या, पंखा बंद, रस्त्यावरचे ट्रॅक्टर थांबले की रात्री दोनला सुरुवात. गेल्या वर्षी त्याचं गाणं रील्सवर धो धो चाललं, पण दुसऱ्याच चॅनेलच्या नावाने. विचारलं तर ते म्हणाले, तुझं कशावरून? नशिबाने पठ्ठ्या काही डिलीट करत नाही. फसलेले टेकसुद्धा तारखेसकट फोनमध्ये होते. ते पाठवल्यावर नाव लागलं. आधीचे पैसे? ते गेले.

आता कायद्याचं बोलू, कारण भीती अज्ञानाची असते.

गाणं लिहिलं, चाल बांधली की त्या क्षणापासून कॉपीराइट तुमचा. नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा हवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमात किंवा ध्वनिमुद्रणात गेलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटीशिवाय कुणाच्या नावे सोडता येत नाही. कंपनीने कागदावर सही घेतली तरी! आणि हा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. वामनदादा २००४ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा कॉपीराइट २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. पुढच्या जयंतीला डीजेवर त्यांचं गाणं लावताना हे एकदा आठवा.

ॲप आलं म्हणून दिवस पालटले, असंही समजू नका. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय: मागच्या बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी नाही. गावातल्या गायकाची निम्मी गाणी इथेच अडकतात. म्हणून पोट अजूनही फिरण्यावरच आहे. खाँसाहेबांचं होतं, तसंच.

तेव्हा कलावंत मित्रांनो, कच्च्या फाइल्स जपा. अपलोड करताना गीतकार, संगीतकार, गायक हे रकाने रिकामे सोडू नका. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा बारा अक्षरी क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. गाणी लिहीत किंवा बांधत असाल तर आयपीआरएसचं सभासदत्व बघा.

आणि कमिटीवाल्यांनो, मंडपाचा, जनरेटरचा, जेवणाचा खर्च तुम्ही आधी ठरवता. गाणाऱ्याला मात्र 'बघू, लोक काय टाकतात' म्हणता. यंदा बिदागी आधी ठरवा, अर्धी हातात द्या आणि फ्लेक्सवर पुढाऱ्यांच्या फोटोंमधून थोडी जागा काढून त्याचं नाव छापा. ठसठशीत छापा. गौहर जानला ते स्वतः ओरडून सांगावं लागलं होतं.