पिशवी गेल्यानंतरचे आयुष्य

रायपूरहून धमतरीच्या वाटेने निघाले म्हणजे अभनपूर लागते. अरुंद रुळांच्या रेल्वेच्या काळात हे जंक्शन होते. राजिमचा फाटा येथूनच फुटत असे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूरची राजधानी, यांमुळे हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. २०१२ साली मात्र छत्तीसगडचे, आणि त्यातही रायपूरच्या आसपासच्या खेड्यांचे नाव देशभर गाजले, ते एका दुःखद कारणाने. अंगावरून जाते, कंबर दुखते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी गरीब स्त्रियांची गर्भाशये तेथे काढून टाकण्यात आली होती. २००८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत गरीब कुटुंबाला वर्षाला तीस हजार रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळत. पत्रिका स्त्रीच्या हाती होती, पैसा रुग्णालयाकडे जात होता, आणि मध्ये भीती उभी केली गेली होती कर्करोगाची.

श्रोतेहो, या घटनेची मुळे केवळ लोभात शोधून भागणार नाही. स्त्रीची पाळी बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीस थांबते, हे सुश्रुतसंहितेत नमूद आहे. म्हणजे हा पालट आपल्याकडे अज्ञात नव्हता. अर्वाचीन वैद्यक आले तेव्हा प्रश्न होता तो बाळंतपणातील मृत्यूंचा. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. ती निकड खरी होती. परंतु स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण, हे समीकरण त्यानंतरही समाजाच्या मनात घट्ट बसून राहिले. मग मुले झाली की गर्भाशय निरुपयोगी, हा विचार फार दूर राहत नाही. ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल,’ हे वाक्य मराठी घरांतूनही आपण ऐकलेले आहे.

बीड जिल्ह्याने त्याची प्रचीती दिली. ऊसतोडीच्या हंगामात पाळीमुळे खाडा झाला तर मजुरी बुडते, वर दंड बसतो. २०१९ साली शासनाच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील पुष्कळ जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या.

कटकट खरोखर मिटते काय? गर्भाशयासोबत दोन्ही बीजकोश काढले, तर रजोनिवृत्ती हळूहळू न येता एकाएकी येऊन आदळते. अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, झोप उडते. बीजकोश राखले तरी ते पुष्कळदा वेळेआधी थकतात. एरवी हा पालट आपल्याकडे शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास येतो. तिशीत तो आला, तर हाडांचा आणि हृदयाचा आधार असलेले संप्रेरक दहा-पंधरा वर्षे आधीच आटते. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. जिला मजुरीवर जगायचे आहे, तिचे शरीर हेच तिचे भांडवल. तेच असे खर्ची पडते.

डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निर्णय दिला. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत अंगीकारावीत, असा आदेश त्यात आहे. शस्त्रक्रिया कधी खरोखर प्राण वाचवते, हे कोणी नाकारीत नाही. पण अतिरक्तस्रावावर गोळ्या आणि इतर उपायही आहेत. ते आधी करून पाहावेत, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे आणि बीजकोश राहणार की जाणार, हे स्पष्ट विचारावे. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर तपासणी टाळू नये. ज्यांचे ऑपरेशन होऊन गेले आहे, त्यांच्या हाडांची व रक्तदाबाची विचारपूस पुढेही व्हावी.

कायद्याने रुग्णालयावर अंकुश ठेवता येईल. परंतु चाळिशीनंतरही स्त्रीला तितकेच आयुष्य जगायचे असते, याचे भान घराघरांत यावे लागेल. अभनपूरच्या वाटेवरील खेडी आणि बीडचे उसाचे फड आपल्याला हेच सांगत आहेत.