अमानत

१९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आम्हा सीमाभागातील घरांत उर्दूतले कितीतरी शब्द मुक्कामाला राहिले. ‘अमानत’ हा त्यांपैकीच एक. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने सांभाळायला घेणे, एवढा मोठा अर्थ त्या चार अक्षरांत आहे.

काही वर्षांपूर्वी हैदराबादला मेहुण्यांकडे लग्नकार्य होते. सौ.ची पैठणी तेथील एका धुलाईच्या दुकानात दिली. परत आली ती काठाजवळ इस्त्रीने करपून. गल्ल्यावरच्या मुलाने पावतीची पाठ दाखवली. भरपाई धुलाईच्या दराच्या अमुक पट, त्याहून अधिक नाही, असे तिथे बारीक अक्षरांत छापले होते. मी मास्तर, मला १८७२ चा करार कायदा आठवला. सांभाळायला घेतलेल्या वस्तूची काळजी, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी घ्यावी, असे त्याचे कलम १५१ सांगते. मद्रासच्या एका धुलाईवाल्याने हरवलेल्या नव्या साडीबद्दल किमतीच्या फक्त १५ टक्के देण्याची अट पावतीवर छापली होती. ती अट तेथील उच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात मानली नाही.

मी हे सारे बोलणार तोच आतून मालक आले. साडी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, “गलती हमारी है, मास्टरसाब.” त्यांनी रफूगर बोलावला, त्याची मजुरी दिली, धुलाईचे पैसे परत केले. साडी पहिल्यासारखी झाली नाही, पण तंटा अर्ध्या दिवसात मिटला.

याच शहराच्या एका अमानतीचा तंटा मात्र ७१ वर्षे चालला. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर तीनच दिवसांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील निजाम सरकारच्या खात्यातून १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग पाकिस्तानचे उच्चायुक्त रहीमतुल्ला यांच्या नावे वळवले गेले. निजामाच्या मंत्रिमंडळातील मोईन नवाझ जंग यांचा त्यात हात होता. २७ सप्टेंबरला निजामाने बँकेला कळवले की याला माझी संमती नव्हती, पैसे परत करा. ज्याच्या नावावर पैसे आहेत त्याच्या संमतीवाचून ते देता येत नाहीत, असे बँकेचे उत्तर होते.

निजाम कोर्टात गेले. परक्या सार्वभौम राष्ट्राला इंग्लंडच्या न्यायालयात खेचता येत नाही, या तत्त्वावर १९५७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने दावा थांबवला. पैसे बँकेतच गोठून राहिले. १९६७ साली निजाम वारले. पुढे २०१३ मध्ये पाकिस्ताननेच बँकेवर दावा लावला आणि त्यामुळे त्याचे ते कवच गळून पडले. मग पुरावा तपासला गेला. २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला की ही रक्कम निजामाचीच, म्हणून ती त्यांच्या वारसांना व भारताला मिळावी. तोवर ती सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती.

बँकेतला पैसा आणि दुकानातली साडी यांना कायदा एकाच मापाने मोजत नाही, हे खरे. पण दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसते. पुरावा १९४८ सालीही होता. नव्हता तो समोर उभे राहून उत्तर देणारा पक्ष. दुकानाचा मालक आतल्या खोलीतून बाहेर आला, तिथेच आमचे भांडण निम्मे संपले होते.

म्हणून वाचकहो, वस्तू देताना तिची स्थिती पावतीवर लिहून घ्या, पावती जपा आणि बिघाड झाला तर आधी मालकाला भेटा. तो भेटलाच नाही, तर ग्राहक आयोगाचे दार आहेच. आणि आपणही कोणाची ना कोणाची अमानत सांभाळत असतो. तिच्यात काही उणे झाले, तर आपण आतल्या खोलीत बसून राहू नये.