शेवग्याचे कूळ

परसातल्या शेवग्याला हातभर लांब शेंगा लागतात. पानेही बारीक पर्णिकांची, संयुक्त. त्यामुळे अनेकांना वाटते, की शेवगा हा तूर-चवळीच्या शिंबावंत कुलातला. म्हणजे तो हवेतला नत्र जमिनीत आणणार आणि बागेचा कस आपोआप वाढणार. हा समज चुकीचा आहे. पण तो करून घेणारे आपण पहिले नव्हे.

डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ (१६७८-१६९३) सिद्ध केला. इट्टी अच्युतन या वैद्यांबरोबरच रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांचे त्याला साहाय्य होते. त्यात शेवगा आपल्या मल्याळी नावाने, 'मुरिंगा' म्हणून आला. पुढे १७५३ साली लिनिअसने त्याला शास्त्रीय नाव दिले ते 'गिलांडिना मोरिंगा'. गिलांडिना ही सागरगोट्याची प्रजाती, म्हणजे शिंबावंतच! १७६३ मध्ये आदांसाँने 'मोरिंगा' ही स्वतंत्र प्रजाती मानली आणि १७८५ मध्ये लामार्कने 'मोरिंगा ओलिफेरा' हे आजचे नाव दिले.

फरक कसा ओळखायचा? वाळलेली शेंग उकलून पाहू. चवळीच्या शेंगेची दोन शकले होतात, शेवग्याची तीन. दुसरी खूण वासाची. शेवग्याच्या मुळाला मोहरीसारखा झणझणीत वास येतो. (मूळ हुंगावे, चाखू नये, त्यात विषारी द्रव्ये असतात.) अमरकोशात शेवग्याला 'तीक्ष्णगंधक' असे नाव आहेच. १९९०च्या दशकात डीएनएच्या अभ्यासाने या वासाची साक्ष खरी ठरवली. १९९८च्या वर्गीकरणात शेवगा मोहरीच्या गणात आला. त्याचे सर्वांत जवळचे नातलग कुल निघाले ते पपईचे.

मग बागेला शेवग्याचा उपयोग नाही का? आहे, पण वेगळ्या कारणाने. फांदी रोवली तरी तो जगतो, छाटला की जोमाने फुटतो. त्याची सावली विरळ असते, त्यामुळे खाली भाजीपाला होतो. पाल्यात प्रथिने भरपूर, म्हणून तो लवकर कुजून चांगले खत होते. मात्र त्या पाल्यातला नत्र जमिनीतूनच आलेला असतो. पाला वाफ्यात पसरला, तर तो जमिनीला परत मिळतो. पाला आणि शेंगा दोन्ही बाजारात गेली, तर जमीन तेवढी रिकामी होते. तेव्हा शेणखत घालावे लागते, किंवा शेजारी चवळी, वाल, तूर लावावी लागते. वालाचा वेल तर शेवग्यावर सहज चढतो.

हे वर्गात पडताळता येईल. पावसाळ्याच्या सुरुवातीला शाळेच्या बागेत शेवगा आणि चवळी यांचे बी शेजारी शेजारी पेरावे. दीड महिन्याने रोपे मातीसकट अलगद काढून मुळे धुवावीत. चवळीच्या मुळांवर गाठी दिसतील. एखादी कापली तर आत गुलाबी रंग दिसेल. शेवग्याच्या मुळांवर गाठी नसतील. लिनिअसला शेंगेने चकवले, पण मूळ धुऊन पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ती चकवू शकणार नाही.