रुई : बियांपासून लागवड आणि कडवा फुलपाखरे

रुई हे कण्हेरीच्या कुळातील चिकाळ, सदाहरित झुडूप. पूर्वी रुईचे कूळ स्वतंत्र मानले जाई. संस्कृतात अर्क, पांढऱ्या फुलांच्या रुईला मंदार म्हणतात. महाराष्ट्रात तिच्या दोन जाती आढळतात. मोठ्या रुईच्या फुलांच्या पाकळ्या फिकट जांभळ्या किंवा पांढऱ्या आणि बाहेर पसरलेल्या असतात. लहान रुईच्या पाकळ्या उभट, पांढऱ्या आणि टोकाला गडद जांभळ्या. कोरड्या मुलखात लहान जात जास्त तग धरते.

सोलापुरात रुई कुणी मुद्दाम लावत नाही. विजापूर किंवा अक्कलकोट रस्त्याच्या कडेला, रुळांलगतच्या मुरमात, पडीक प्लॉटवर ती आपली आपण उगवते. शनिवारी मारुतीला पानांची माळ आणि रथसप्तमीच्या स्नानाला सात पाने एवढ्यापुरती तिची आठवण होते. एरवी ‘चिकाचे झाड दारात नको’ म्हणून ती उपटली जाते, आणि प्लॉटवर बांधकाम निघाले की पहिली कुदळ तिच्यावरच पडते. हे नुकसान नुसत्या झाडाचे नाही. रुई गेली की तिच्यावर वाढणारे फुलपाखरूही त्या गल्लीतून जाते.

ते फुलपाखरू म्हणजे बिबळ्या कडवा. नारिंगी-तपकिरी पंख, पुढच्या पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरा पट्टा, पंखविस्तार सात-आठ सेंटिमीटर. अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडत मेक्सिकोच्या डोंगरांत हिवाळा काढायला जाणाऱ्या मोनार्कचा हा सख्खा भाऊबंद. लिनियसने दोघांनाही १७५८ साली शास्त्रीय नावे दिली. इजिप्तमधील नेबामूनच्या थडग्यातील सुमारे ३,३५० वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रात पाणपक्ष्यांच्या गर्दीत हेच फुलपाखरू रंगवलेले आहे. मोनार्क भारतात नाही, म्हणून सोलापूरकराने हळहळू नये. त्याचा भाऊ मे महिन्याच्या उन्हातही इथे उडताना दिसतो.

मोनार्कच्या अळ्या मिल्कवीड खातात; आपल्याकडे तीच जागा रुईची. मादी कोवळ्या पानाच्या खाली एकेक पांढरे अंडे चिकटवते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि आधी स्वतःच्या अंड्याचे कवच खाते. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची ही अळी मोनार्कच्या अळीपासून लगेच ओळखता येते. तिच्या पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात, मोनार्कच्या अळीला दोनच. मोठी झालेली अळी पानाच्या जाड शिरेलाच आधी चावे घेते. तिथून चिकाचे थेंब गळतात, पान मान टाकते, आणि मग त्या चीक उतरलेल्या भागावर ती निवांत ताव मारते. पानातली हृदयावर परिणाम करणारी विषे तरीही तिच्या अंगात मुरतात. ‘कडवा’ हे नाव त्या कडूपणाचे. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला सहसा जात नाही. छोटा चांदवा या बिनविषारी फुलपाखराची मादी नेमके हेच रंग घेऊन वावरते, ते त्यामुळेच. उबदार हवेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सारा प्रवास तीन ते चार आठवड्यांत पुरा होतो.

बी धरण्याची वेळ उन्हाळ्याची. फळ हिरवे असताना तोडू नये. शिवण उकलू लागली की त्याला दोरा गुंडाळावा किंवा वर कापडी पिशवी बांधावी, नाहीतर आतल्या म्हाताऱ्या एका झुळकीसरशी उडून जातात. एका फळात शेकडो चपट्या, तपकिरी बिया असतात. रेशमी झुपका चिमटीने ओढला की बी सुटते. थंड प्रदेशातील बहुतेक मिल्कवीडच्या बियांना रुजण्याआधी काही आठवडे गारवा द्यावा लागतो. रुईच्या बीला तो लागत नाही, तिला ऊबच हवी. मृगाचा पाऊस पडल्यावर मुरूम, वाळू आणि थोडे शेणखत भरलेल्या खोल पिशवीत बी अर्धा सेंटिमीटर मातीआड पेरावे. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतो. नुसती काळी माती भरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि रोपाचे मूळ कुजते. सोटमूळ झपाट्याने खाली जाते, म्हणून चार-सहा पाने येताच रोप भरपूर उन्हाच्या जागी जमिनीत लावावे. वाढलेली रुई उपटून दुसरीकडे लावली तर सहसा जगत नाही.

रोपवाटिकेत लाल-पिवळ्या फुलांचे हळदीकुंकू मिळते. ते मूळचे अमेरिकेतले मिल्कवीडच, आणि त्यावरही बिबळ्या कडव्याच्या अळ्या वाढतात. कुंडीपुरती जागा असेल तर ते चालेल. अंगण असेल त्याने रुईच लावावी. कुंपणावर उतरणीचा वेल असला तर तिच्यावरही हे फुलपाखरू अंडी घालते. जवळ खुळखुळा लावल्यास नर त्याच्या सुकलेल्या भागांवर येऊन बसतात, कारण मादीला आकर्षित करणाऱ्या गंधासाठी लागणारी द्रव्ये त्यांना तिथे मिळतात.

रुईचा चीक डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होऊन दृष्टी धूसर होते, आणि सुरुवातीला दुखत नसल्याने माणूस गाफील राहतो. डोळा भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावा. फळे हाताळताना हातमोजे घालावेत आणि झाड लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावे.

शेंड्यांवर पिवळा मावा येतो, ठिपक्याठिपक्यांचा रंगीत नाकतोडाही येतो. म्हणून औषध फवारले तर अळ्याच मरतील. निंबोळी अर्कही नको. मावा पाण्याच्या धारेने धुवावा, उरलेला ढालकिड्यांवर सोडावा. पावसाळ्याच्या तोंडी जून फांद्या छाटल्या तर कोवळा पाला भरपूर येतो, आणि माद्यांना तोच हवा असतो. अळ्यांनी पानांची नुसती देठे ठेवलेली पाहून घाबरून झाड काढून टाकणारे बरेच असतात. ते तसेच राहू द्यावे. पंधरवड्यात त्याच काड्यांवर पांढुरकी लव असलेली नवी पाने फुटतात आणि माद्या पुन्हा घिरट्या घालू लागतात.